मॅन्युअल मोडवर नागपूर: एप्रिल ते ऑगस्टच्या नोंदी

२० एप्रिल. सामान

जुना, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर आणि सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती साधी झूम) मिळून १८,५०० रुपये. दुसरी बॅटरी ८५०, कार्ड ७००, मनगटात अडकवायचा पट्टा २५०. गळ्यातला पट्टा मुद्दाम घेतला नाही, त्याने माणूस लांबूनच फोटोग्राफर दिसतो. दुकानदार फिल्टरही घ्या म्हणत होता, नको म्हटलं.

तान्ह्या पोळ्याला मारबत निघते, म्हणजे इडा पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. तोवर इतवारीच्या गर्दीत कॅमेरा एम (मॅन्युअल) वर ठेवून फोटो काढता यायला हवेत, एवढंच ठरवलंय. कॅमेऱ्याच्या ऑटो मोडशी माझं भांडण बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेन रोडवर झालं. तिथे दुपारी रस्त्याची एक बाजू भाजत असते आणि दुसरी सावलीत असते. उन्हात चालणारा माणूस दुकानाच्या पांढऱ्या शटरसमोरून गेला तर त्याचा चेहरा काळा येतो, पुढच्या अंधाऱ्या दुकानासमोर आला की कपाळ पांढरंफटक. ऊन तेच, माणूसही तोच.

या नोंदी ज्यांच्या कॅमेऱ्याला सेटिंग बदलायचं एकच चाक आहे त्यांच्यासाठी. दोन चाकांचा कॅमेरा असेल तर अर्ध्या अडचणी तुम्हाला येणारच नाहीत.

२२ एप्रिल. घरच्या घरी

गॅलरीतून समोरच्या गुलमोहराचे फोटो. शटर (सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते, सेकंदात) १/६०, मग १/२५०, मग १/१०००. तिन्ही फोटो उजेडाला सारखेच. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) बदललं तरी सारखेच. बिघडलेला कॅमेरा गळ्यात पडला या भीतीत संध्याकाळ गेली. कारण मेनूत सापडलं: आधीच्या मालकाने ऑटो आयएसओ चालू ठेवला होता. आयएसओ म्हणजे सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा. मोडचं चाक एम वर असलं तरी ऑटो आयएसओ आपलं काम करत राहतो. आपण शटर वेगवान केलं की तो मागच्या मागे आयएसओ वाढवून हिशेब जुळवतो. एम म्हणजे सगळं आपल्या हातात, असं गृहीत धरू नका.

जुना कॅमेरा आणला की फोटो काढायच्या आधी हे करा: मेनू पूर्ण रिसेट, ऑटो आयएसओ बंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने न आवळलेली, कच्ची) मध्ये, आणि जळालेला, म्हणजे पार पांढरा झालेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू.

चाकाचं असं आहे की ते फिरवलं तर शटर बदलतं. अ‍ॅपर्चर बदलायचं तर अधिक-उणेचं बटण दाबून धरून तेच चाक फिरवावं लागतं. चालता चालता हे जमत नाही, करून पाहिलं. म्हणून अ‍ॅपर्चर एफ/८ वर ठेवून द्यायचं, आयएसओ जागा पाहून एकदाच लावायचा आणि चाक फक्त शटरला. एफ/८ च का, याची छान छान कारणं लोक सांगतात. माझं कारण अंगठा.

२७ एप्रिल. बर्डी, भरदुपार

व्हेरायटी चौकातून मेन रोडने आत. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी उजेड मोजणाऱ्या मीटरची काट्याची पट्टी दिसते, तिचा काटा शून्यावर आणायचा असं वाचलं होतं, म्हणून दर फोटोआधी काटा शून्यावर आणत होते. परिणाम एवढाच की काटा शून्यावर येईपर्यंत माणूस निघून जायचा. उसाच्या रसवाल्याचं घुंगरू वाजलं, कॅमेरा वर केला, काटा जुळवला, तोवर त्याचा ग्लास भरून गिऱ्हाईकाच्या हातात गेला होता.

आणि इतकं करूनही फोटो कमीजास्त उजेडाचे आले. पांढऱ्या दुपट्ट्याने डोकं-तोंड गुंडाळून स्कूटीवर बसलेल्या मुली (आपल्याकडे एप्रिलपासून अर्धं शहर असंच दिसतं) राखाडी, काळ्या गाडीला टेकलेला माणूस फिकट. मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. पांढरं दिसलं तर त्याला वाटतं उजेड जास्त आहे, काळं दिसलं तर वाटतं कमी आहे. म्हणजे काटा शून्यावर आणून मी हाताने तेच करत होते जे ऑटो माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा लवकर करतं.

उन्हात मागचा पडदा दिसत नाही, तो कितीही प्रखर केला तरी. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र दिसतो, कारण त्यात फक्त डोंगर कुठे आहे ते पाहायचं असतं. उजव्या भिंतीला चिकटला की पांढरं जळालं. रॉ फाइलमध्येही पूर्ण जळालेलं परत येत नाही. अंधारातलं बरंच काही ओढून काढता येतं.

संध्याकाळी महाल भागात मामांकडे गेले. मामांचा स्टुडिओ होता, लग्नं, मुंजी, पासपोर्ट. आता बंद आहे. फोटो पाहून म्हणाले, "मीटर कायले पाहून राहिली वं तू? ऊन का दर पावलाले बदलते?"

मग त्यांनी आयएसओ १०० च्या फिल्म रोलच्या खोक्यात यायची ती उजेडाची तक्ती सांगितली. उघड्या उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं, म्हणजे शंभरला १/१००. पातळ ढग आणि सावल्यांच्या कडा पुसट असतील तर एफ/११. सावलीच पडत नाही इतके ढग असतील तर एफ/८. इमारतीच्या सावलीत, पण वर आभाळ मोकळं असेल तर एफ/५.६. त्यांनी अख्खी लग्नं यावर काढली आहेत, कारण सुरुवातीच्या कॅमेऱ्याला मीटरच नव्हता.

१ मे. तक्ती माझ्या चाकाला

मामांच्या तक्तीत शटर थांबतं आणि अ‍ॅपर्चर फिरतं. माझं उलटं आहे, म्हणून कागदावर मांडणी बदलली. अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ ४००:

उघडं ऊन: १/१६००
पातळ ढग, पुसट सावली: १/८००
पूर्ण ढगाळ: १/४००
इमारतीची सावली, वर मोकळं आभाळ: १/२००

आयएसओ १०० का नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. १०० वर उन्हात १/४०० मिळतं, ते पुरेसं आहे. पण सावलीत पाय टाकला की १/५० वर यावं लागतं आणि चालणारा माणूस हलतो. ४०० वर सावलीतही १/२०० राहतं, आयएसओला हात लावावा लागत नाही.

याहून कामाची गोष्ट कागदावर नाही, अंगठ्यात आहे. माझ्या चाकाची प्रत्येक टिक एक तृतीयांश स्टॉप आहे, म्हणजे तीन टिकांना एक स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. ऊन ते सावली तीन स्टॉप, म्हणून नऊ टिका. डावीकडे नऊ, परत उजवीकडे नऊ. टीव्ही पाहताना कॅमेरा मांडीवर घेऊन हेच करत बसले. आई म्हणाली जपमाळ घे त्यापेक्षा.

आज बर्डीत मीटरकडे एकदाही पाहिलं नाही. तळहात उन्हात धरून एक फोटो, लुकलुक नाही, पुढे चला. सावलीच्या बाजूला जाताना नऊ टिका. घरी पाहिलं तर उन्हातले सगळे फोटो एकमेकांशी उजेडाला जुळणारे. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर मात्र तक्ती भरवशाची नाही. ऊन तिरपं आणि पिवळं होतं, एक-दोन स्टॉप उतरतं, तेव्हा तळहाताचा फोटो काढून पाहायचाच.

४ मे. सिग्नलवरचं हिरवं कापड

उन्हाळ्यात मनपा चौकाचौकात सिग्नलवर हिरव्या जाळीचा मांडव घालते, दुचाकीवाल्यांना थांबताना सावली मिळावी म्हणून. खाली माणसं दाटीने थांबलेली, कोणी घाम पुसतंय, कोणी बाटली उघडतंय, आणि सिग्नल सुटेपर्यंत कोणी हलत नाही. शिकणाऱ्याला याहून सोपी जागा नाही. उजेडाचा हिशेबही सरळ निघाला, उन्हापेक्षा दोन-अडीच स्टॉप कमी.

पण चेहरे हिरवे आले. जाळीतून गाळून येणारा उजेडच हिरवा असतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा हिशेब) ऑटोवर होता, त्याने दर फोटोला वेगळा अंदाज केला. एकात चेहरा हिरवा, पुढच्यात चेहरा बरा पण मागचा उन्हातला रस्ता जांभळट. व्हाइट बॅलन्स 'ऊन' वर कायम केल्यावर निदान सगळे फोटो एकसारखे हिरवे झाले. कॉम्प्युटरवर चेहरा सुधारला की रस्ता बिघडतो, कारण एका फोटोत दोन रंगांचे उजेड आहेत. यावर बटण नाही. जाळीच्या कडेला उभं राहून, ज्यांच्या तोंडावर बाहेरचं ऊन येतंय अशांचेच घेतले. आतले काही कृष्णधवल केले. बाकीचे काढून टाकले.

दुपारी कॅमेरा गाडीच्या डिक्कीत ठेवून जेवायला गेले होते. परत आले तर पकडीचं रबर चिकट. डिक्कीत ठेवायचा नाही.

१० मे. फोकस आणि टेप

ऑटोफोकसला गर्दीत कळत नाही की मला कोण हवंय. तो पुढच्या झोळीवर बसतो, नाहीतर मागच्या पाटीवर. म्हणून अंतर आधीच ठरवून फोकसची रिंग तिथेच ठेवायची.

लेन्स २४ च्या खुणेवर, एफ/८, फोकस अडीच मीटरवर ठेवला की माझ्या सेन्सरवर साधारण दीड मीटरपासून आठ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एफ/४ वर हाच पट्टा १.९ ते ३.८ मीटर इतका आखडतो. म्हणून ही युक्ती दिवसाउजेडीची.

किट लेन्सवर अंतराचे आकडे नसतात. घरातल्या फरशा दोन-दोन फुटी आहेत. चार फरशा म्हणजे जवळपास अडीच मीटर. चार फरशांवर स्टूल ठेवलं, त्यावर ऑटोफोकस केला, मग लेन्सची कळ एम वर (इथे एम म्हणजे हाताने फोकस) आणि रिंगवर टेप. टेप इलेक्ट्रिकची, काळी, घरात होती ती. बाहेर ४४ अंश. तासाभरात टेपचा डिंक वितळून रिंग आपली आपण सरकली, झूमच्या रिंगला चिकटली, आणि हातालाही. त्या दिवशीचे फोटो मागच्या भिंतीवर स्पष्ट, माणसावर नाहीत. डिंक स्पिरिटच्या कापसाने निघाला, तोही लेन्सच्या काचेपासून लांब राहून, जपून. आता हार्डवेअरच्या दुकानातली रंगाऱ्यांची कागदी टेप वापरते. चाळीस रुपयांत सगळा उन्हाळा पुरते आणि निघताना डाग ठेवत नाही.

अडीच मीटर डोळ्याने ओळखणं ही वेगळी मेहनत. घरात भाच्याला उभं करून 'आता किती?' विचारायचं आणि फरशा मोजायच्या. रस्त्यावर माझं माप असं: समोरच्याचे पाय व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेबाहेर जायला लागले की तो साधारण पट्ट्यात आहे.

१५ मे. कॉटन मार्केट, सकाळी साडेसहा

भाजीचा लिलाव आटपत आला होता. ऊन अजून इमारतींच्या मागे. १/६० वर काढत होते, कारण आयएसओ वाढवायची भीती. एक टोमॅटोवाले काका ओरडले.

"ओ मॅडम, फोटो कायले काढून राहिल्या?"

"शिकून राहिले काका."

"मंग दाखवा मले."

दाखवला. काका क्षणभर पाहून म्हणाले, "हे तं हाललं ना." आणि शेजारच्यालाही दाखवलं की कसं हाललं. त्यांचं बरोबर होतं. काटा-तागडी स्थिर आहे, पण टोमॅटो टाकणारा हात म्हणजे नुसता लाल पुसट पट्टा. आयएसओ १६०० करून १/२५० वर पुन्हा काढला, हात आला, नखंसुद्धा आली. "आता घ्या अर्धा किलो," काका म्हणाले. घेतले.

त्यावरून ठरलेलं: उभा माणूस १/१२५, चालणारा किंवा हात चालवणारा १/२५०, सायकल-स्कूटी ५०० च्या खाली नाही. हे जमत नसेल तर आयएसओ वाढवा. त्याने फोटोत येणारे दाणे चालतात, हाललेला चेहरा चालत नाही. मामा यावर ऐकत नाहीत. त्यांच्या मते चारशेच्या वर गेलं की फोटो खराब, आणि रोलच्या काळात ते खरंही होतं. माझ्या कॅमेऱ्यात १६०० चा फोटो मोबाइलवर आणि आठ बाय बाराच्या प्रिंटवर चांगला दिसतो, ३२०० चालतो, ६४०० ला चेहऱ्यांचा रंग जातो. प्रिंट नेऊन दाखवली. "कंप्युटरवर काहीतरी केलं असंल," म्हणाले. विषय सोडला.

कोणी 'काढू नका' म्हटलं की काढायचा नाही, काढला असेल तर समोरच पुसायचा. दोन्ही झालं. वाद घालून मिळालेला फोटो मला नंतर पाहवत नाही.

२४ मे. इतवारी

किराणा ओळीत शिरलं की वर ताडपत्र्या, मध्ये फटी, फटींतून उन्हाचे पट्टे. हमाल पोतं घेऊन एका पट्ट्यातून अंधारात आणि पुन्हा पट्ट्यात. ताडपत्रीखालचा उजेड उघड्या उन्हापेक्षा पाच स्टॉप कमी भरला. आयएसओ १६००, १/२००.

इथे दोन वेगळे फोटो आहेत आणि एका वेळी एकच मिळतो. पट्ट्यासाठी सेटिंग लावली तर पट्ट्यात येणारा चेहरा नीट आणि बाकी सगळं काळं. सावलीसाठी लावली तर ओळ दिसते, मालाची पोती दिसतात, पण पट्टा जळतो. मधलं काही लावलं तर दोन्ही वाया. आधी दोन्ही पकडायच्या मागे होते. शेवटी शहीद चौकाकडच्या एका पट्ट्यासमोर पट्ट्याची सेटिंग लावून उभी राहिले आणि लोक त्यात येण्याची वाट पाहिली. आजचे ठेवण्याजोगे फोटो तेवढेच. खारीकवाल्याने बसायला पोतं दिलं.

नुकसान बाहेर पडताना झालं. आयएसओ १६०० वरच राहिला आणि उन्हात आले. त्या आयएसओला उन्हात १/६४०० लागतं. माझा कॅमेरा १/४००० च्या पुढे जातच नाही, आणि मी तर १/२०० वरच होते. सगळं पांढरं. एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतःहून थांबून हसून पाहिलं होतं, तो फोटोही त्यातच गेला. आता समोरचं फंक्शन बटण आयएसओला जोडलंय आणि गल्लीच्या तोंडाशी पाय आपोआप थांबतात: आयएसओ ४००, शटर १/१६००, मग बाहेर.

८ जून. ५० ची लेन्स घेतली, विकली

एफ/१.८ इतक्या मोठ्या भोकाचा मोह. जुनी ६,२०० ला घेतली. क्रॉप सेन्सरवर ती ७५ सारखी दिसते. इतवारीत माणूस पूर्ण मावायला जितकं मागे जावं लागतं तितकी गल्लीच रुंद नाही. पाठ दुकानाच्या पाटीला लागली, तरी समोरच्याचे गुडघ्याखालचे पाय कापलेले. मोठं अ‍ॅपर्चर उघडलं की फोकसचा पट्टा वीतभर, म्हणजे पुन्हा ऑटोफोकसच्या भरवशावर. पंधरवड्यात ५,५०० ला गेली. ७०० रुपये शिकवणी. उघड्या जागेत, फुटाळा तलावाच्या काठावर वगैरे, ती चांगली चालेल. ३५ बद्दल विचारू नका, घेतलेली नाही.

२९ जून. कूलर

हे कोणी सांगितलं नव्हतं. कॅमेऱ्याची बॅग कूलरच्या खोलीत, खालच्या फडताळात होती. आपल्याकडे मार्चपासून कूलर चालतो, आणि पावसाच्या तोंडावर हवा दमट झाल्यावरही लोक तो बंद करत नाहीत, कारण गरम होतंच. खोलीत जी ओल साठते ती लेन्सला पुरेशी असते. आज टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या काचेच्या कडेला बारीक पांढरे धागे, बुरशी. साफ करायला १,२०० गेले. आतल्या काचेवर पोहोचली असती तर किट लेन्सच्या किमतीएवढा खर्च झाला असता.

आता झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा (३८०), आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ (२७०). काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल प्यायले, गरम करून पुन्हा वापरता येतात. पण निळ्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका. नारिंगी दाणे मिळाले तर ते घ्या. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्लाही मिळाला, तांदळाची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाते, नको.

१३ जुलै. बर्डी, रात्री

पावसाची उघडीप, फुटपाथवरचे स्टॉल लागलेले, ओल्या रस्त्यात दिवे. ठरल्याप्रमाणे चालणाऱ्यांसाठी १/२५०, लेन्स २४ वर सगळ्यात उघडी म्हणजे एफ/४, आयएसओ ३२००. एक फोटो नीट, पुढचा अंधारा, त्यापुढच्यात आडवा काळपट पट्टा. सेटिंग काहीच बदललेली नाही. हात थरथरला म्हणावं तर सगळं स्पष्ट.

दोष दिव्यांचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही. शटर १/१०० पेक्षा वेगवान असलं की या उघडझापीचा एखादा तुकडाच हाती लागतो, कधी उजेडाचा, कधी मंदावलेला. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पूर्ण फेरा मिळतो. १/१०० केलं आणि पट्टे गेले.

पण १/१०० ला चालणारा हलतो. म्हणून रात्री चालणाऱ्यांचा नाद सोडला. थांबलेली माणसं शोधली: कानातलं लावून आरशात पाहणारी मुलगी, सुटे पैसे मोजणारा, छत्री मिटत उभी राहिलेली बाई. थांबलेली माणसं रात्री जास्त असतात, हे आधी लक्षात आलं नव्हतं. अंधारात टेपने ठरवलेला फोकसचा पट्टा अपुरा पडतो, इथे ऑटोफोकस मधल्या एका बिंदूवर ठेवून वापरला, संकोच न करता.

२ ऑगस्ट. ढगांची धावपळ

मारबतीच्या दिवसांतला उजेड असाच असणार म्हणून महालात सराव. बडकस चौकात एका मिनिटात ऊन, दुसऱ्या मिनिटात ढग. प्रत्येक बदलामागे पळाले तर एप्रिलमधल्या काट्याचीच गत. उपाय: मुक्काम ढगावर ठेवायचा, १/४०० आयएसओ ४००. रस्त्यावर स्वतःची सावली काळीभोर दिसली की उजवीकडे सहा टिका, पुसट झाली की डावीकडे सहा. मीटरऐवजी स्वतःच्या पायाशी पाहायचं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "हेच तं सांगून राहिलो होतो."

२३ ऑगस्ट. मारबत

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, सोबत त्या वर्षीच्या रागालोभाचे बडगे (तेही पुतळेच). सकाळपासून इतवारीत उभी होते. आभाळ भरलेलं, एकसारखं. एफ/८, आयएसओ ४००, १/४०० लावलं आणि नेहरू पुतळ्यापाशी दोन्ही मारबती समोरासमोर येईपर्यंत चाकाला हात लावला नाही.

मुद्दाम काही फोटो ऑटो मोडवरही घेतले. पिवळी फ्रेमभर आली की कॅमेऱ्याने उजेड कमी केला, पिवळा रंग मोहरीच्या चटणीसारखा काळपट. काळी फ्रेमभर आली की त्याने उजेड वाढवला, काळी मारबत राखाडी आणि मागचं आभाळ जळालेलं. दोघींच्या फोटोंत जवळपास दीड स्टॉपचा फरक, एकाच आभाळाखाली, एकाच चौकात. एम वरच्या फोटोंत पिवळी पिवळी आहे आणि काळी काळी.

फोकसने मात्र दगा दिला. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी उठली की गर्दी पुढे लोटते, आणि समोरचा नाचणारा पोरगा अडीच मीटरवर राहत नाही, हातभर अंतरावर येतो. दीड मीटरच्या आत आलेले सगळे चेहरे पुसट. मागची मारबत सुरेख, पुढे नुसते धूसर दात. त्यातला एक तसाच ठेवलाय. बाकी काढले.

घामाने व्ह्यूफाइंडर धूसर होत होता, ओढणीने पुसत राहिले. मनगटाचा पट्टा गर्दीत बरा. कार्ड भरलं नाही, बॅटरी दुपारी बदलली.

घरी येऊन फरशा मोजल्या. लेन्स १८ वर, एफ/८, फोकस दीड मीटरवर ठेवला तर ०.९ ते ५.८ मीटर मिळतात. कागदी टेपची नवी पट्टी तिथे लावली आहे. चार दिवसांनी गणपती बसतात, चितारओळीतून मूर्ती न्यायला गर्दी होईल, तिथे करून पाहते.